आरेच्या पाड्यांवरील विद्यार्थी आणि वैद्यकशिक्षण

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पहिल्याच अध्यायात आचार्यांनी एक गोष्ट मोकळेपणाने मान्य केली आहे. शेळ्या-मेंढ्या राखणारे, गाई वळणारे आणि इतर वनवासी यांना औषधी नावाने व रूपाने ठाऊक असतात, असे ते सांगतात. आणि लगेच पुढे हेही बजावतात की, केवळ नाव व रूप कळल्याने औषधीचे ज्ञान पूर्ण होत नाही, देश, काल व पुरुष पाहून तिची योजना ज्याला साधते तोच श्रेष्ठ भिषक् होय. सुश्रुताचार्यांनीही वनौषधींच्या ओळखीसाठी गोपाळ, तापस, व्याध यांच्याकडे जाण्यास सांगितले आहे. विद्यार्थिदशेत आपण सर्वांनी ही वचने पाठ केली, परीक्षेत लिहिली आणि पुढे गेलो. त्यांतून सहज निघणारा एक प्रश्न मात्र आपल्यापैकी फार थोड्यांनी स्वतःला विचारला असेल. ज्यांना नाव व रूप ठाऊक आहे, त्यांच्याच मुलांनी योजनेचे शास्त्र शिकावयाचे ठरविले, तर त्यांच्या वाटेत काय काय उभे राहते?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मेळघाटात किंवा गडचिरोलीत जाण्याची आवश्यकता नाही. मुंबई उपनगरात व्यवसाय करणाऱ्या वैद्यबंधूंना ते गोरेगाव पूर्वेस, राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेल्या आरेच्या परिसरात मिळेल. शहरातील म्हशींचे गोठे वस्तीबाहेर नेण्याच्या हेतूने १९४९ साली शासनाने येथे दुग्धवसाहत वसविण्यास प्रारंभ केला आणि ४ मार्च १९५१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. सुमारे तेराशे हेक्टरांच्या या प्रदेशाला आपण ‘आरे कॉलनी’ म्हणतो ते त्या गोठ्यांमुळे. परंतु वसाहतीच्या पुष्कळ आधीपासून येथे वारली, मल्हार कोळी, काटकरी, कोकणा इत्यादी आदिवासी कुटुंबे राहत आली आहेत. खांबाचा पाडा, केलटी पाडा, चरणदेव पाडा, जीवाचा पाडा, नवशाचा पाडा अशी या वस्त्यांची नावे आहेत. एकंदर सत्तावीस पाडे सामान्यतः मोजले जातात. मुंबई उपनगर जिल्ह्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण शेकडा एकच्या आसपास आहे. संख्येने इतका अल्प असलेला समाज एवढ्या मोठ्या शहरात डोळ्यांआड होतो, यात नवल नाही.

आपल्या व्यवसायाचा मात्र त्यांच्याशी जुना संबंध आहे. पावसाळ्याच्या प्रारंभी उपनगरांतील स्थानकांबाहेर टाकळा, भारंगी, शेवळे, कुर्डू, कंटोळी घेऊन बसणाऱ्या आदिवासी भगिनी आपण पाहतो. टाकळा म्हणजे चक्रमर्द हे आपल्याला निघंटूतून ठाऊक. त्यांना तो कोणत्या पावसानंतर कोणत्या उतारावर किती कोवळा खुडावा हे ठाऊक. पांढरा कुडा आणि काळा कुडा यांतील फरक हा आपल्या बाजारपेठेतील नित्याचा वादाचा विषय आहे. कुटजाच्या सालीत दुसरी साल मिसळून येते, ही तक्रार प्रत्येक औषधनिर्मात्याने कधी ना कधी केलेली असते. रानात वाढलेल्या मुलाला त्यासाठी सूक्ष्मदर्शक लागत नाही. चीक, शेंग आणि पान पाहून तो झाड ओळखतो.

येथे कायद्यातील एका बदलाचा उल्लेख करणे प्राप्त आहे. जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये जैविक संपत्तीच्या व्यापारी उपयोगातून होणाऱ्या लाभात स्थानिक समाजाला वाटा देण्याचे तत्त्व स्वीकारले गेले. २०२३ साली या अधिनियमात दुरुस्ती होऊन नोंदणीकृत आयुष चिकित्सक, तसेच ग्रंथनिविष्ट पारंपरिक ज्ञानाचा उपयोग करणारे, यांना त्या बंधनातून मोठ्या प्रमाणात सूट मिळाली. आपल्या क्षेत्राने या दुरुस्तीचे स्वागत केले आणि व्यवहाराच्या दृष्टीने ते स्वाभाविकही होते. कायद्याने मागितलेला वाटा आता बहुतांशी द्यावा लागणार नाही. मग जो काही द्यावयाचा तो आपण आपल्या बुद्धीने ठरवून द्यावयाचा, आणि माझ्या मते त्याचा सर्वांत उचित प्रकार म्हणजे या समाजातील मुलामुलींना वैद्यकाच्या कोणत्याही शाखेत स्वतःच्या पायांवर उभे राहण्यासाठी साहाय्य करणे.

साहाय्य करावे, याविषयी दुमत नसते. दरवर्षी गुणवंतांचे सत्कार होतात, वह्यांचे वाटप होते. दोन्ही गोष्टी चांगल्याच आहेत. परंतु पाड्यावरच्या मुलीचा वैद्यकीय प्रवेश ज्या ठिकाणी अडतो, त्या ठिकाणी वह्या पोहोचत नाहीत. तो नेमका कोठे अडतो, हे समजून घेणे हाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

जमातीचा दाखला आणि वैधता

अशी कल्पना करू की, एका वारली कुटुंबातील मुलगी महापालिकेच्या मराठी शाळेतून शिकून दहावीला उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाली आणि तिने विज्ञान शाखा घेतली. आयुर्वेदाच्या पदवीसाठीही आता ‘नीट’ ही सामाईक परीक्षा अनिवार्य आहे. खुल्या वर्गाला त्यात पन्नासावे शततमक गाठावे लागते, अनुसूचित जमातींच्या विद्यार्थ्यांना चाळिसावे. राज्यात अनुसूचित जमातींसाठी सात टक्के जागा राखीव आहेत. शंभर जागांच्या शासकीय आयुर्वेद महाविद्यालयात पंधरा टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात जातात. उरलेल्या पंच्याऐंशींपैकी सात टक्के म्हणजे सहा. या सहा जागांसाठी नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंतच्या सर्व जमातींचे विद्यार्थी स्पर्धेत असतात. म्हणजे ही जागा कोणी सहज देऊ केलेली नाही. ती मिळवावीच लागते.

आता ही मुलगी परीक्षेत यशस्वी झाली असे समजू. प्रवेशाच्या वेळी तिच्याजवळ दोन कागद असावे लागतात. एक जातीचा, म्हणजे येथे जमातीचा, दाखला. तो उपविभागीय अधिकारी अथवा तत्सम सक्षम प्राधिकारी देतो. दुसरे जमात वैधता प्रमाणपत्र. ते अनुसूचित जमाती प्रमाणपत्र तपासणी समिती देते. महाराष्ट्रात यासाठी २००० सालचा अधिनियम असून तो ऑक्टोबर २००१ पासून अमलात आहे, आणि त्याखालील अनुसूचित जमातींविषयीचे नियम २००३ सालचे आहेत. अनुसूचित जमातींबाबतचा राष्ट्रपतींचा आदेश ६ सप्टेंबर १९५० रोजी निघाला. म्हणून त्या दिवसापूर्वीची, कुटुंबाची जमात दर्शविणारी नोंद ही या सर्व प्रकरणातील सर्वांत मोलाची वस्तू ठरते.

आणि येथेच आरेच्या पाड्याचे दुखणे आहे. ज्या मुलीचे आजोबा कधी शाळेतच गेले नाहीत, त्यांचा १९५० पूर्वीचा शाळेचा दाखला आणावयाचा कोठून? जमीन त्यांच्या नावावर नव्हती. ते ज्या जमिनीवर राहिले ती पुढे दुग्धवसाहतीची झाली. पाड्याचे नाव जुन्या दप्तरात शोधून सापडेल याची शाश्वती नाही, कारण दप्तर महसुली गावाच्या नावाने ठेवलेले असते. त्यामुळे शोध आरे, मरोशी, पासपोली, साई, गुंडगाव अशा गावांच्या नावाखाली घ्यावा लागतो. त्यातही १९२० पर्यंत हा भाग ठाणे जिल्ह्याच्या साष्टी तालुक्यात मोडत असे, पुढे मुंबई उपनगर जिल्हा झाला, मग बृहन्मुंबईत विलीन झाला आणि १९९० साली उपनगर जिल्हा पुन्हा वेगळा निघाला. दप्तरांची स्थलांतरे या प्रत्येक बदलाबरोबर होत गेली. दिवसाची मजुरी बुडवून एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात जाणाऱ्या बापाला हे कोण समजावून सांगणार?

नोंद सापडली तरी ती कशी लिहिली आहे, हा पुढचा प्रश्न. ‘मल्हार कोळी’ ही अनुसूचित जमात आहे. नुसते ‘कोळी’ असे लिहिलेले असेल तर ते पुरेसे ठरत नाही, कारण कोळी या नावाखाली येणारे सर्व समाज अनुसूचित जमातीत नाहीत. पहिलीत नाव घालताना गुरुजींनी घाईने लिहिलेला एक शब्द बारा वर्षांनंतर वैद्यकीय प्रवेशाच्या आड येऊ शकतो. म्हणून ज्या वैद्यबंधूंचे दवाखाने पाड्यांजवळ आहेत, त्यांनी लहान मुलांच्या आयांना शाळाप्रवेशाच्या वेळी जमातीचे पूर्ण नाव लिहवून घेण्याविषयी सांगावे, इतकी छोटी गोष्टही मोठी ठरते.

ही तपासणी एवढी कठोर का, असा प्रश्न काहींच्या मनात येईल. त्याचे उत्तर आपल्याच क्षेत्रात आहे. खोट्या जमातदाव्यांविषयीचे सर्वोच्च न्यायालयाचे दोन महत्त्वाचे निर्णय महाराष्ट्रातील वैद्यकीय शिक्षणाच्या जागांवरून निर्माण झालेल्या वादांत दिले गेले. १९९४ सालचा निर्णय महादेव कोळी जमातीच्या दाव्यासंबंधी होता, आणि त्यातच तपासणी समित्यांची सर्व कार्यपद्धती न्यायालयाने घालून दिली. २००० सालचा घटनापीठाचा निर्णय हलबा-कोष्टी प्रकरणातील. एका विद्यार्थ्याने अनुसूचित जमातीच्या जागेवर एमबीबीएसला प्रवेश घेतला होता. त्याचा दावा न्यायालयाने अमान्य केला. मात्र दरम्यान शिक्षण पूर्ण झाले असल्याने त्याची पदवी काढून घेतली नाही. पुढे २०१७ साली न्यायालयाने अधिक कडक भूमिका घेतली, आणि अवैध दाखल्यावर मिळविलेला लाभ टिकू देता येणार नाही असे सांगितले.

या इतिहासातील उपरोध लक्षात घेण्यासारखा आहे. खोट्या दावेदारांना रोखण्यासाठी जी चाळण उभारली गेली, तिच्यातून सुटण्यासाठी लागणारे कागद जमविण्याचे बळ ज्याच्या घरी कधी कागदच नव्हता त्याच्याकडे सर्वांत कमी असते. चाळण नको असे मी म्हणत नाही. ती काढली तर त्या सहा जागा कोणाकडे जातील हे उघड आहे. चाळणीपर्यंत खऱ्या मुलाला हात धरून नेणारा माणूस हवा, एवढेच म्हणणे आहे.

यात एक आशेची बाजूही आहे आणि ती व्यवसायबंधूंनी विशेष ध्यानात ठेवावी. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, रूढी-परंपरांच्या माहितीवर आधारलेली आप्तभाव चाचणी ही दाव्याची अंतिम कसोटी मानता येत नाही. १९५० पूर्वीच्या कागदपत्रांना सर्वाधिक वजन आहे. आणि वडिलांना किंवा पितृकुळातील रक्ताच्या नातेवाइकाला रीतसर चौकशीअंती मिळालेली वैधता हा पुढील अर्जदारासाठी महत्त्वाचा आधार आहे. शहरात वाढलेल्या वारली मुलीला तारपा कधी वाजतो किंवा लग्नाचा चौक कोणी लिहावयाचा याचे उत्तर अडखळत देता आले, तर तेवढ्यावरून तिचे वारलीपण नाकारले जाऊ नये, हा त्यातील सुज्ञ भाग. आणि दुसरा भाग असा की, एका कुळात एकाला वैधता मिळाली म्हणजे त्याच्या भावंडांची, चुलत भावंडांची आणि पुढच्या पिढीची वाट मोकळी होते. म्हणून एका पाड्यावर दहा मुलांना थोडी थोडी मदत करण्यापेक्षा, प्रत्येक कुळातील एका व्यक्तीची वैधता पूर्ण करून देणे अधिक फलदायी आहे. मग ती व्यक्ती वैद्यकाकडे जाणारी नसली तरी चालेल.

प्रवेशानंतर

शासनाच्या योजना नाहीत असे नाही. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे; तिच्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाख रुपयांच्या आत असावे लागते आणि अर्ज ‘महाडीबीटी’ संकेतस्थळावर करावा लागतो. आदिवासी विकास विभागाची वसतिगृहे आहेत. ज्यांना वसतिगृहात प्रवेश मिळत नाही त्यांच्यासाठी २०१६ सालापासून पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. तिच्यात निवास, भोजन व निर्वाहासाठी रक्कम थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होते, आणि मुंबईसारख्या मोठ्या शहरांसाठी ती वार्षिक साठ हजार रुपये ठरविली गेली.

परंतु या योजनेची एक अट वाचली की आरेचे वेगळेपण कळते. ज्या शहरात महाविद्यालय आहे त्या शहराचा रहिवासी असलेल्या विद्यार्थ्याला स्वयम् योजनेचा लाभ मिळत नाही. अट तर्काला धरून आहे; ज्याचे घर शहरात आहे त्याला निवासभत्ता कशाला? मात्र आरेचा पाडा कागदावर मुंबईत असला, तरी तेथील काही वस्त्यांना विजेची जोडणी मिळण्यास स्वातंत्र्यानंतर कित्येक दशके लागली. एका खोलीत पाच-सहा माणसे, आणि मुख्य रस्त्यापासून पाड्यापर्यंतची अंधारी पायवाट. सायंकाळची शिकवणी आटोपून परतणाऱ्या मुलीच्या घरच्यांना बिबट्याची भीती वाटते, आणि ती अनाठायी नाही. २०२१ व २०२२ साली या परिसरात बिबट्याचे हल्ले झाले आहेत. तेव्हा मुंबईचा रहिवासी म्हणून एक योजना हातची जाते, आणि मुंबई उपनगर जिल्हा घटनेच्या पाचव्या अनुसूचीतील क्षेत्रात येत नाही म्हणून अनुसूचित क्षेत्रासाठी असलेल्या सवलतीही मिळत नाहीत. पालघरच्या वारल्याला निदान त्याचा जिल्हा तरी ओळखतो. आरेचा वारली या दोन्हींच्या मध्ये कोठेतरी राहतो.

प्रतिपूर्ती आणि शिष्यवृत्ती उशिरा हाती येते, हा सार्वत्रिक अनुभव. दरम्यान पुस्तके, अस्थिसंच, प्रयोगशाळेचा अंगरखा, प्रवास हा खर्च पहिल्याच महिन्यात येतो. या ठिकाणी एक प्रसन्न योगायोग नमूद करावासा वाटतो. ज्या मेट्रोच्या कारशेडसाठी ऑक्टोबर २०१९ मध्ये आरेतील झाडे रात्रीतून तोडली गेली आणि ज्यासाठी प्रजापूर पाड्यावरील कुटुंबांना उठावे लागले, त्याच मेट्रोने आता आरेहून वरळीला जाता येते. आणि वरळीत १९४१ साली स्थापन झालेले रा. आ. पोदार आयुर्वेद महाविद्यालय आहे. झालेल्या हानीची भरपाई यातून होत नाही. पण लोहमार्ग झालाच आहे तर त्यावरून पाड्यावरची एखादी मुलगी रोज पोदारला जात असावी, इतकी इच्छा धरण्यास हरकत नसावी.

अडचणींतील सर्वांत कमी बोलली जाणारी अडचण भाषेची. घरात वारली बोली, शाळेत प्रमाण मराठी, रस्त्यावर हिंदी. अकरावी विज्ञानात एकदम इंग्रजी पाठ्यपुस्तके. आणि ‘नीट’ मराठीतून देण्याची सोय असली तरी शिकविण्या बहुधा इंग्रजी-हिंदीतून चालतात. हे सर्व ओलांडून ती आयुर्वेदाच्या पहिल्या वर्षाला बसते तो समोर संस्कृत, पदार्थविज्ञान आणि संहिता! ज्या मुलांनी आठवीपासून संस्कृत घेतले त्यांना संधी सोडविणे हा खेळ वाटतो. हिला विभक्तीपासून प्रारंभ करावा लागतो. आरंभीच्या पंधरा दिवसांच्या संक्रमण-पाठ्यक्रमात हे अंतर भरून येत नाही. पहिल्या वर्षी अनुत्तीर्ण झालेला विद्यार्थी ‘आरक्षणातून आलेला’ म्हणून ओळखला जातो. तो कोणत्या भाषेतून कोणत्या भाषेत किती वेळा गेला, याची चौकशी कोणी करीत नाही.

आणि येथे एक अप्रिय पण आवश्यक उल्लेख. २२ मे २०१९ रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयाशी संलग्न महाविद्यालयात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉ. पायल तडवी यांनी आत्महत्या केली. त्या तडवी भिल्ल समाजातील होत्या, म्हणजे अनुसूचित जमातीतीलही आणि धर्माने अल्पसंख्याकही. तीन वरिष्ठ सहकारी डॉक्टरांवर छळाचे आणि जातिवाचक अवहेलनेचे आरोप ठेवण्यात आले. त्यांचा निवाडा करणे न्यायालयाचे काम आहे, आपले नव्हे. परंतु एमबीबीएस पूर्ण करून, प्रवेशाच्या दोन्ही पायऱ्या ओलांडून आलेली स्त्रीसुद्धा वैद्यकाच्या दालनात एकटी पडू शकते, हे त्या घटनेने सर्व वैद्यकीय व्यवसायाला दाखविले. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे. कायद्याला तक्रार लागते, आणि तक्रार करण्यासाठी पाठीशी कोणीतरी असावे लागते. घराण्यात पहिल्यांदाच शिकणाऱ्या मुलीच्या पाठीशी महाविद्यालयाबाहेरचा एखादा ज्येष्ठ वैद्य आहे, तो महिन्यातून एकदा फोन करतो, प्राध्यापकांना ओळखतो, एवढ्याने तिची स्थिती पुष्कळ बदलते. यास पैसा लागत नाही.

याउलट उदाहरण डॉ. राजेंद्र भारूड यांचे. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातल्या सामोडे गावचे, भिल्ल समाजातील. वडिलांचे छत्र जन्मापूर्वीच हरपलेले आणि आई मोहाची दारू विकून घर चालविणारी. नवोदय विद्यालयातून ते मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात आले, डॉक्टर झाले आणि पुढे भारतीय प्रशासन सेवेत जाऊन नंदुरबारचे जिल्हाधिकारी झाले. त्यांच्या बुद्धीचे व कष्टांचे श्रेय त्यांचेच. पण सहावीतच निवासी विद्यालयात प्रवेश, तेथे अभ्यासाला जागा, दिवा आणि दोन वेळचे अन्न, या गोष्टी तेथे होत्या हेही विसरू नये. आरेच्या मुलाला आपण निदान जागा आणि दिवा देऊ शकतो.

आपल्या हाती काय आहे

आपल्यापैकी अनेकांचे दवाखाने दुपारी एक ते पाच बंद असतात. गोरेगाव, जोगेश्वरी, मरोळ, पवई या भागांत असा एखादा दवाखाना किंवा औषधालयाच्या मागची खोली दुपारी दोन मुलांना बसण्यासाठी खुली करणे ही सर्वांत स्वस्त आणि बहुधा सर्वांत उपयुक्त मदत आहे. किल्ली कोणाकडे, पंखा-दिव्याचा खर्च कोणाचा, मुलगी असल्यास कोणती भगिनी तेथे उपस्थित राहील, हे आधी ठरवावे. न ठरवता आरंभलेले उपक्रम दुसऱ्या महिन्यात बंद पडतात.

‘नीट’ मे महिन्यात होते आणि आयुर्वेदाच्या प्रवेशफेऱ्या त्यानंतर कित्येक महिने चालत राहतात. मधला काळ विद्यार्थी नुसता वाट पाहण्यात घालवतो. या काळात निवृत्त अध्यापकांनी आठवड्यातून तीन दिवस संस्कृतचे प्राथमिक पाठ घेतले, म्हणजे शब्दरूपे, संधी आणि पदार्थविज्ञानातील शंभर-दीडशे संज्ञा, तर पहिले वर्ष निभावून जाते. आपल्या सभासदांत असे अध्यापक कमी नाहीत आणि त्यांच्याजवळ वेळही आहे.

औषधी दुकानांचे चालक व निर्मात्यांना वेगळे काही करता येईल. सर्वच मुलांना साडेचार वर्षे अधिक एक वर्षाची आंतरवासिता असा दीर्घ अभ्यासक्रम परवडणार नाही किंवा आवडणारही नाही. औषधनिर्माणशास्त्राची पदविका दोन वर्षांची आहे; बारावी विज्ञानानंतर ती घेता येते, आणि तिच्या अखेरीस पाचशे तासांचे प्रात्यक्षिक प्रशिक्षण आवश्यक असते. ज्यांच्याकडे नोंदणीकृत औषधनिर्माता आहे आणि ज्यांचे दुकान प्रशिक्षणासाठी मान्यताप्राप्त आहे, त्यांनी दरवर्षी एक जागा अशा विद्यार्थ्यासाठी ठेवावी, आणि त्या काळाचे वाहनभाडे व जेवण द्यावे. परिचर्येचे अभ्यासक्रम आहेत, प्रयोगशाळा तंत्रज्ञाचे आहेत. औषधनिर्माणशाळांना २००० साली अनुसूची ‘टी’ लागू झाल्यापासून कच्च्या द्रव्याची परीक्षा व नोंद ठेवणे भाग आहे. तेथे द्रव्याची ओळख असलेल्या मुलाला शिक्षण चालू असतानाच रास्त वेतनावर काम देता येईल.

रास्त वेतनावर, हे शब्द मी हेतुपुरस्सर लिहिले. मुलांना रानातून वनस्पती आणावयास सांगून त्यास ‘प्रशिक्षण’ म्हणण्याचा मोह टाळला पाहिजे. आरेतील सुमारे आठशे एकरांचा प्रदेश २०२० साली राखीव वन म्हणून घोषित झाला आहे. तेथून काही आणविण्यापूर्वी कायदाही पाहावा लागेल.

आणखी एक मोह आहे, आणि तो आपल्या शास्त्रावरील प्रेमातून येतो. आदिवासी मुलाला वनस्पती ठाऊक म्हणजे त्याने आयुर्वेदच घ्यावा, असे आपण सहज बोलून जातो. त्याला शल्यक्रियेची ओढ असेल, तिला परिचारिका व्हावयाचे असेल, कोणाला क्ष-किरण विभागात काम करावयाचे असेल. आपल्या शास्त्राच्या ऋणाची फेड त्यांनी आपल्या शास्त्रात येऊनच करून घ्यावी, ही अट आपल्याला घालता येणार नाही. जो आयुर्वेदाकडे येईल त्याचे स्वागत आहे; जो अन्यत्र जाईल त्याचेही वैधता प्रमाणपत्र तितक्याच आस्थेने पूर्ण करून द्यावे.

खोट्या दाव्यांबाबत सावध राहणेही आले. वैद्याच्या शब्दाला समाजात वजन असते. परिचित रुग्णाच्या आग्रहाखातर, खात्री नसताना त्याच्या जमातीविषयी शिफारसपत्र किंवा साक्ष देऊ नये. असे प्रत्येक पत्र खऱ्या विद्यार्थ्याच्या सहापैकी एका जागेवर घाला घालते.

शेवटी कालक्रमाविषयी. वैधतेचा अर्ज बारावीच्या निकालानंतर करून चालत नाही. तो अकरावी-बारावीत असतानाच कनिष्ठ महाविद्यालयामार्फत जावा लागतो. अर्जासोबत जमातीचा मूळ दाखला, विद्यार्थ्याचा, वडिलांचा व असल्यास आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, पितृकुळाची वंशावळ शपथपत्रावर, नातेवाइकांची वैधता असल्यास तिची प्रत, जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीचा उतारा आणि १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा जो मिळेल तो पुरावा जोडावा. जुने उतारे मिळण्यास दोन-तीन महिने सहज जातात. म्हणून शोधाचा प्रारंभ दहावीच्या परीक्षेनंतरच्या सुट्टीतच व्हावा. ज्या सभासदांना एखाद्या कुळाच्या कागदांचे काम अंगावर घ्यावयाचे असेल, त्यांनी प्रथम त्या घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीजवळ बसून पितृकुळातील तीन पिढ्यांची नावे, गावे आणि कोणी शाळेत गेले असल्यास त्या शाळेचे नाव लिहून घ्यावे. पुढचा सर्व शोध त्या एका कागदावरून चालतो.